उजवा हात

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कटिंगला होते,
एकतीस वर्षं.
गठ्ठे पात्याखाली सरकवायचे,
सुटताना झडती द्यायची
आणि रिकाम्या हातांनी घरी यायचं.
कागदाची एक कातरणही आमच्या घरात आली नाही.
माझ्या वह्या दुकानातून यायच्या, बिलासकट.
बिल ते खिळ्याला टोचून ठेवत.

पौर्णिमेला, सुट्टी जुळली तर, लेण्यांवर.
खाली विहारात मेणबत्ती, त्रिसरण,
मग त्या पायऱ्या.
आई वाटेत तीनदा बसायची
आणि तिन्हीदा म्हणायची, तुम्ही व्हा पुढे.

वर कोणी सहलीच्या पोरांना सांगत असायचं:
हा धर्मराज. हा भीम. हा बघा अर्जुन.
बाबा ऐकून घेत.
पोरं पांगली की मला न्यायचे
आडबाजूच्या लेणीत, वटवाघळांच्या वासात,
आणि म्हणायचे, हा अर्जुन नाही. मंजुश्री.
हळूच म्हणायचे,
रजिस्टरात चुकलेलं नाव
खाडाखोड न करता वर लिहावं तसं.

डाव्या खांद्याशी कमळाचा देठ,
कमळावर चौकोनी काहीतरी.
ते पुस्तक.
उजवा हात कोपरापासून नाहीच.
तिथं तलवार होती, म्हणाले.
कोणाला मारायला?
कोणालाच नाही. न समजणं कापायला.
मी आठ वर्षांची. मला वाटलं,
न समजणं म्हणजे अपूर्णांक.

पायाशी कोणीतरी हळदकुंकू वाहिलेलं असे.
बाबा रुमाल ओला करून पुसत,
रागानं नव्हे,
पाळी संपल्यावर मशीन पुसावं तसं, कडेकडेनं.
एकदा परीक्षेआधी मी हात जोडले, डोळे मिटले,
तर खांद्यावर बोट वाजलं:
मागू नकोस. त्याच्याकडे द्यायला काही नाही.
पुस्तक आहे की.
ते द्यायचं नसतं. वाचायचं असतं.

स्वतः सातवी.
आयुष्यभर कागद हाताळला,
वाचण्यासारखा त्यात एकही नव्हता.
पण पातं त्यांना कळायचं.
बोथट झालं की कागद कापत नाही, फाडतं, म्हणायचे.
धार असली की जोर लागत नाही,
आवाजही होत नाही,
दोन्हीकडचे कागद थोडा वेळ
एकच असल्यासारखे पडून राहतात.

मग ती तलवार गेली कुठे, बाबा?
त्यांनी खाली हायवेकडे बघितलं,
सातपूरच्या धुराकडे, द्राक्षांच्या जाळ्यांकडे.
वापरात असेल, म्हणाले.

माझं नाव प्रज्ञा.
गल्लीत आम्ही चार,
एक काळी, एक शिवणवाली, एक सासरी येवल्याला,
आणि मी, महापालिकेच्या शाळेत
अपूर्णांक शिकवते.
फळ्यावरची आडवी रेघ ओढताना
हात कधीकधी थांबतो.

परवा गेले होते, एकटी.
बाबांना जाऊन दोन वर्षं.
पहारेकरी म्हणाला, अगरबत्ती नको मॅडम,
वर आग्या मोहोळ उठलंय.
आत मापं घेत होती दोन मुलं,
टेप, वही, मोबाईलचा उजेड.
त्यातल्या मुलीला विचारलं, ही मंजुश्रीची ना?
ती बराच वेळ बघत राहिली.
सांगता येत नाही, म्हणाली. फार झिजलंय.
चौकोन पुस्तक असेल,
नाहीतर टाकी तिथं थांबली असेल.

मला राग यायला हवा होता.
बाबांनी हे कुठून आणलं होतं,
कोणत्या व्याख्यानातून, की एखाद्या दुपारी
स्वतःच ठरवलं होतं उभ्या उभ्या?
मी त्या चौकोनावर बोट ठेवणार होते, ठेवलं नाही.
मुलीच्या वहीत मात्र दिसलं:
डावीकडे, कमळ, आणि पुढे प्रश्नचिन्ह.
सुबक होतं. घाईत काढलेलं नव्हतं.

मेणबत्ती नाही, फूल नाही.
नुसतीच उभी राहिले.
कोपरापाशी दगड तुटलाय तिथं
कोळ्यानं जाळं विणलंय,
ते वाऱ्यानं हलत होतं.

उतरताना
कोणी झडती घेतली नाही.